दीड सेंटिमीटरचा ऐसपैस रस्ता

आमच्या हिने नगराध्यक्षपदाला उभं राहायचं ठरवलं तेव्हा मी हसलो होतो. निवडून आली तेव्हा गप्प बसलो. आणि तिच्या नगरपालिकेचा पहिलाच ठराव मंजुरीसाठी राज्याच्या खात्यात, म्हणजे थेट माझ्या टेबलावर आला, तेव्हा मी एक छोटासा निर्णय घेतला: पक्षपात करायचा नाही. (घरात माझ्या पक्षात कुणीच नाही, ही गोष्ट वेगळी.)

ठराव साधा होता. शाळा भरताना आणि सुटताना शाळेपुढचा रस्ता वाहनांना बंद. मी नकाशा उघडला, पट्टी लावली. रस्ता चांगला दीड सेंटिमीटर भरला. एवढा ऐसपैस रस्ता बंद कशाला करायचा? ‘स्थगिती द्यावी’ असा शेरा मारला आणि साहेबांनी न वाचता सही केली. (माझ्या शेऱ्यांवर त्यांचा विश्वास होता. होता.)

संध्याकाळी जेवताना हिला ऐटीत सांगितलं.

“तुम्ही तो रस्ता बघितलात?” तिने वाढता वाढता विचारलं.

“नकाशात बघितला की.”

“अहो, आपण त्याच रस्त्यावर राहतो.”

“मी निघतो तेव्हा शाळा भरलेली नसते, येतो तेव्हा सुटून गेलेली असते. मला कसं कळणार?”

“परवा आपली धाकटी ट्रकखाली जाता जाता वाचली. मी सांगत होते, तुम्ही पेपर वाचत होतात.”

मी हातातला घास परत ताटात ठेवला.

तिने ना आदळआपट केली, ना अबोला धरला. नगरपालिकेतर्फे रीतसर सुनावणी मागितली. साहेब म्हणाले, जागेवरच जाऊन बघू.

नेमकी शाळा सुटत असताना आमची सरकारी गाडी त्या रस्त्यात शिरली आणि अडकली. पुढे ट्रक, मागे टेम्पो, मधून दप्तरांचा लोंढा. आणि ही रस्त्याच्या मधोमध उभी! एका हाताने ट्रक थोपवून दुसऱ्या हाताने पोरं पलीकडे काढत होती. ट्रकवाला हॉर्न वाजवायचं विसरून तिच्याकडे बघत होता. मीही बघत होतो. इतकी वर्षं संसार केला, पण ही बाई केवढी आहे ते मला त्या दिवशी कळलं. धाकटी तिचं बोट धरून पलीकडे गेली तेव्हा माझे डोळे भरून आले.

साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून तिथल्या तिथे स्थगिती उठवली. मग माझ्याकडे वळले.

“तुम्ही राहता कुठे?”

मी समोरच्या गॅलरीकडे बोट दाखवलं. तिथे माझाच टॉवेल वाळत होता.

साहेब लालबुंद झाले. “मॅडम, तुमचे मिस्टर असले तरी आता यांना सोडणार नाही. खातं यांच्यावर कारवाई करेल.”

“नको साहेब,” ही शांतपणे म्हणाली. “ही बाब पूर्णपणे स्थानिक आहे. राज्याने त्यात पडू नये.”

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ते तत्काळ मान्य केलं, मला तिथेच सोडलं आणि गाडीत जाऊन बसले.