सीटचं माप

चाळीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवले आणि या चाळीस वर्षांत माझं माप एकदाही चुकलेलं नाही! गिऱ्हाईक दुकानाच्या दारातून आत येतानाच मी त्याची कंबर सांगायचो. पाव इंच इकडे नाही की तिकडे नाही. तेव्हा गाडीच्या एका सीटचं माप घेणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. निदान शनिवारी सकाळी अकरा वाजेपर्यंत मला तसं वाटत होतं.

आमची गाडी विजेवर चालते आणि चोवीस तास इंटरनेटला चिकटलेली असते. लेकीने घेऊन दिली. लेक राहते दुसऱ्या शहरात, पण गाडी तिला फोनमध्ये दिसते. कुठे उभी आहे, चार्ज किती आहे, दार नीट लागलंय का, सगळं. मी काच उघडी टाकून आलो तर जिना चढायच्या आत फोन. "बाबा, काच!"

गाडी चालवायची ती आमची ही. मला येते चालवता, पण ही म्हणायची, "तुम्ही गाडी चालवत नाही हो, शिलाई मारता. चार टाके पुढे, की थांबलात!" म्हणून मी आपला शेजारच्या सीटवर.

चालकाच्या दारावर दोन बटणं आहेत. एक नंबर माझं, दोन नंबर हिचं. मी सहा फूट, आणि पोट माझ्याआधी पोचतं. ही चार फूट अकरा. एक दाबलं की सीट मागे जाते. दोन दाबलं की सीट पुढे सरकते, जरा वर उचलते, स्टिअरिंग खाली येतं, आरसा वाकतो.

ही गेली त्याला आठ महिने झाले.

आता एक गोष्ट सांगतो, जी लेकीलाही माहीत नव्हती. रोज संध्याकाळी मी पार्किंगमध्ये गाडी लावतो, उतरतो, हात आत घालून दोन नंबर दाबतो. सीट गुरगुरत पुढे जाते, आरसा वाकतो. ही गाडीत बसली की व्हायचं अगदी तसं. मग मी वळसा घालून शेजारी बसतो आणि दिवसभरातलं सांगतो. दूध उतू गेलं, शर्टाची कॉलर इस्त्रीने जळली, लेकीचा फोन आला होता. पंधरा-वीस मिनिटं. मग घरी जातो. याला कोणी वेड म्हणत असेल तर म्हणो.

तर एके दिवशी गाडीच्या पडद्यावर मजकूर आला. नवीन अपडेट आलं आहे. ब्रेकसाठी आवश्यक. आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'काही वैयक्तिक सेटिंग पुसल्या जाण्याची शक्यता आहे.'

मी 'नंतर' दाबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा 'नंतर'. असं बावीस दिवस चाललं. रात्री स्वप्नात मी दोन नंबर दाबायचो आणि सीट हलायचीच नाही. दचकून उठायचो.

तेविसाव्या दिवशी लेकीचा फोन.

"बाबा, बावीस वेळा 'नंतर'? ब्रेकचं आहे ते!"

"ब्रेक चांगले लागतात गं."

"लागतात तोवर लागतात. आई असती तर पहिल्याच दिवशी केलं असतं. शनिवारी अकराला मी इथून सुरू करते. तुम्ही कशाला हात लावू नका."

"अगं, पण..."

"पण काय?"

काय सांगणार? तुझ्या आईची सीट पुसली जाईल म्हणून मला झोप येत नाही, हे बापाने लेकीला फोनवर सांगायचं असतं का? मी म्हटलं, "काही नाही. कर."

मग मी बेत आखला. पुसेनात का सेटिंग! मी आधी माप घेऊन ठेवणार. सीट किती पुढे, किती वर, पाठ किती कलती. पुसलं गेलं तर हाताने परत तिथे आणून ठेवायची. एकदम सोपं!

शनिवारी पावणेअकराला मी खाली आलो. गळ्यात टेप, कानामागे खडू, शर्टाच्या खिशात फोन. दार लावून घेतलं, कारण टेप गळ्यात घालून सीटशी खटपट करताना कोणी बघायला नको. सीट कालपासून दोन नंबरवरच होती, म्हणून आधी शेजारी बसलो. उंची घेतली. पाठीचा कल घेतला. मग एक दाबून सीट मागे नेली आणि तिच्यावर सरकून बसलो. राहिलं फक्त सीट किती पुढे सरकते ते.

इथे माझ्यातला कारागीर आडवा आला. कपडा अंगात असल्याशिवाय माप खरं येत नाही, हे मी चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलं. त्याच चालीवर मी सीटवर बसूनच राहिलो, वाकून टेपचं एक टोक खाली, सीट जिच्यावर सरकते त्या पट्टीपाशी धरलं आणि दुसऱ्या हाताने दोन नंबर दाबलं!

सीट निघाली. माझ्यासकट!

गुडघे डॅशबोर्डला टेकले. स्टिअरिंग पोटात शिरलं. "अगं थांब, थांब!" मी ओरडलो. चार फूट अकराच्या जागेत सहा फूट कोंबायचे म्हणजे लहान मुलाच्या बाहीत माझी मांडी! डावा हात पोट आणि स्टिअरिंगच्या मध्ये अडकला. टेपचं खालचं टोक सीटच्या पट्टीत गेलं आणि गळ्याभोवती टेप ताठ झाली. मी उजव्या हाताने एक नंबर दाबायला गेलो, तेवढ्यात पडदा काळा झाला.

'अपडेट सुरू आहे. वाहन वापरू नका. अंदाजे वेळ पंचेचाळीस मिनिटे.'

बरोब्बर अकरा! लेक वेळेची पक्की. आईवर गेली आहे.

एक नंबर दाबलं. ढिम्म. दाराची कळ ओढली. ढिम्म. काचेचं बटण. ढिम्म! मला दरदरून घाम फुटला. आत हवा किती असते? पंचेचाळीस मिनिटं पुरते का? पडद्यावर दोन टक्के. मी त्या आकड्याकडे बघत बसलो. दुसरीकडे बघायला मान वळतच नव्हती.

आता तिकडे काय झालं ते ऐका. या गाडीत आरशाजवळ एक बारीक कॅमेरा आहे. अपडेट सुरू होताना आत माणूस दिसला की तो फोटो काढून मालकाच्या फोनवर पाठवतो. मालक म्हणजे आमची लेक. तिला काय दिसलं? बंद गाडी. आत बाप. डोळे बाहेर आलेले, तोंड उघडं, आणि गळ्याला आवळलेली टेप!

माझ्या खिशातला फोन थरथरायला लागला. खिसा स्टिअरिंगखाली दबलेला. फोन थरथरला की बरगड्या थरथरायच्या. सहा वेळा वाजला. मी सहाही वेळा "आलो, आलो!" म्हणालो.

वीस टक्क्यांवर पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर धावत आले. अंगात हिरवा झगा, हातात फोन. त्यांच्यामागे त्यांची पेशंट, गालात कापूस भरलेली बाई. तिने काचेतून मला बघितलं आणि "ऊंऽऽ!" करून किंकाळी फोडली.

"काका!" डॉक्टर काचेवर थापा मारत ओरडले. "तोंड उघडा! अजून मोठं!"

सवयीचा माणूस! मी उघडलं.

त्यांनी फोन काचेला लावला. पडद्यावर लेक. रडत होती.

"बाबा, आधी ते गळ्यातलं काढा! मी आत्ता निघते. तुम्ही एकटे राहणार नाही आहात. असं काही करू नका, बाबा!"

"अगं, मी काही करत नाहीये! माप घेतोय!"

"कसलं माप?"

"सीटचं!"

लेक डॉक्टरांना म्हणाली, "ते काहीतरी बरळतायत हो. मेंदूला हवा पोचत नसेल. काच फोडा!"

डॉक्टर गेले आणि भिंतीवरचा आग विझवायचा लाल सिलिंडर घेऊन आले. तो त्यांनी डोक्यावर उचलला. दात उपटणारा माणूस, नेम कसा असणार? सिलिंडर बरोबर माझ्या नाकाच्या रेषेत! मी डोळे मिटले. मनात म्हटलं, आता आठ महिन्यांचं सगळं हिला समोरच जाऊन सांगायचं.

तेवढ्यात साठ टक्के झाले आणि गाडी थोडी जागी झाली. जागा झाला तो हॉर्न. आणि हॉर्नवर होतं माझं पोट!

पोंऽऽ!

डॉक्टरांच्या हातून सिलिंडर खाली पडला, त्यांच्याच पायावर. ते एका पायावर नाचायला लागले. मी पोट आत ओढलं. हॉर्न बंद. पण पोट आत ओढून किती वेळ राहणार? श्वास घेतला की पोट फुगायचं, पोट फुगलं की पोंऽऽ!

"डॉक्टर, काय चाललंय?" लेक ओरडली.

"घाबरू नका," डॉक्टर पाय धरून म्हणाले. "हॉर्न वाजतोय म्हणजे श्वास चालू आहे."

सगळी इमारत खाली आली. मुलं कानांत बोटं घालून उभी. लेक मात्र हॉर्नच्या मधल्या फटीत बोलत होती.

"खरं सांगा बाबा. दोन महिने झाले, मी काही विचारलं की नुसतं 'बरं आहे' म्हणता. मला रोज भीती वाटते. दिवसातून दहा वेळा मी गाडी का बघते? गाडी हलली की कळतं बाबा हलले!"

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं ती काचेसाठी बघते.

मग सगळ्या इमारतीसमोर मी सांगून टाकलं.

"दोन नंबर... पोंऽऽ... तुझ्या आईची सीट आहे... पोंऽऽ... अपडेटने पुसली जाईल... पोंऽऽ... म्हणून माप घेत होतो! रोज संध्याकाळी... पोंऽऽ... मी तिच्याशी बोलतो!"

कोणी हसलं नाही. कापसाच्या बाईने डोळे पुसले.

गर्दीतून वाट काढत कंपनीचा मेकॅनिक आला. लेकीने त्यालाही फोन केला होता. बुटकासा, हातात बॅग. त्याने काचेतून बघितलं आणि म्हणाला, "काका, उजव्या मांडीखाली एक साधी कडी आहे. ओढा."

ओढली. दार उघडलं! ती कडी सगळा वेळ तिथेच होती. मी तिच्यावर बसलो होतो.

डॉक्टर आणि आणखी दोघांनी मला बुचासारखं बाहेर ओढलं. टेप तुटली. पोटावर स्टिअरिंगचा गोल, कंपनीच्या शिक्क्यासकट! पण माझं सगळं लक्ष पडद्यावर. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. शंभर.

"राहिली का?" मी विचारलं.

मेकॅनिक आत बसला. त्याने एक नंबर दाबलं, सीट मागे गेली. मग दोन दाबलं. सीट गुरगुरली, पुढे सरकली, आरसा वाकला.

राहिली होती! मला रडूच फुटलं. डॉक्टरांनी पाठ थोपटली. लेक फोनमधून, "राहिली ना बाबा? राहिली ना?"

मेकॅनिक मात्र उतरेना. त्याने स्टिअरिंगवर हात ठेवून बघितले, आरशात बघितलं. स्वतःचा चेहरा अगदी मधोमध. तो ओशाळला.

"काका... तुम्ही या गाडीचं सर्व्हिसिंग कधी केलंत?"

"ही गेली त्याच्या पुढच्या महिन्यात. लेकच घेऊन गेली होती."

"तेव्हा गाडी माझ्याकडेच होती. चालवून बघताना मी माझी पोझिशन दोनवर सेव्ह केली असणार. पुसायची राहिली. मला अगदी मापात बसतेय हो ही."

"तुझी उंची किती?"

"पाच फूट दोन."

म्हणजे जे पुसलं जाईल म्हणून मी बावीस दिवस झोपलो नाही, ते सात महिन्यांपूर्वीच पुसलं गेलं होतं! तीन इंचांचा फरक! आणि ज्याचं माप चाळीस वर्षांत चुकलं नाही, तो रोज त्या सीटकडे बघत बसला होता.

"सॉरी काका," मेकॅनिक म्हणाला.

तुटलेल्या टेपचा मोठा तुकडा उचलला. हिचा प्रत्येक कपडा मी शिवलेला. गिऱ्हाइकांची मापं वहीत असायची. हिचं माप कधी वहीत लिहिलंच नाही, लागलंच नाही.

"उतर," मी मेकॅनिकला म्हटलं. "आणि मी सांगतो तशी सीट सरकव. खांद्यापासून मनगट साडेएकोणीस. घे पुढे. अजून. थांब. कमरेपासून गुडघा... वर घे जरा. पाठ सरळ, ती रेलून बसायची नाही."

मेकॅनिक बटणं दाबत होता, मी टेप धरत होतो. डॉक्टरांनी काहीही न विचारता टेपचं दुसरं टोक धरलं. शेवटी मी मागे सरकून बघितलं. दोन बोटं पुढे. बास! हीच.

"आता दोन नंबर दाबून धरा," मेकॅनिक म्हणाला. "तुम्हीच दाबा."

दाबलं. गाडी टिंग वाजली.

लेक संध्याकाळच्या आत येऊन पोचली. मी तिला खाली नेलं, दोन नंबर दाबलं. दाराबाहेर उभं राहून, अर्थात! ती मागच्या सीटवर बसली, मी पुढे, हिच्या शेजारी. मग ती म्हणाली, "सांगा ना बाबा, रोज सांगता तसं."

सांगितलं. सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. मागच्या सात महिन्यांचं ते त्या मेकॅनिकला सांगून झालं होतं ना! वेळ बराच लागला. दूध किती वेळा उतू गेलं, तेवढं मात्र या खेपेला गाळलं.