नानांची दोन मनगटं

आमचे शेजारी नाना नमस्कार करत नाहीत. दोन्ही मनगटं तुमच्या नाकाखाली धरतात आणि विचारतात, "डावा की उजवा?"

मनगटांवर पावडर असते. दोन्हींवर लव्हेंडरच. कटलरीच्या दुकानातून आणलेले दोन डबे, दोन्हींवर जांभळी फुलं. कंपन्या तेवढ्या वेगळ्या. यातला कोणता ठेवायचा, यावर नानांचं दोन महिने सार्वमत चालू आहे. दूधवाला, एसटीचा कंडक्टर, प्रचाराला आलेला उमेदवार, कोणी सुटलेलं नाही. उमेदवाराने दोन्ही वास उत्तम असल्याचं जाहीर केलं.

"हाऊ निवडून येई," नाना त्याच्या पाठीकडे बोट दाखवत म्हणाले.

नाना म्हणजे नाक. अमळनेरच्या एका तेल मिलमध्ये त्यांची उभी हयात गेली. झाकण जरा किलकिलं केलं, की तेल ताजं की खवट ते सांगायचे. "मालकनी सही नंतर, पहिले मनं नाक!" मालकाच्या सहीआधी त्यांचं नाक, हे मी इतक्यांदा ऐकलंय, की ते नाक मला पेन्शनीत निघालेलं सरकारी खातं वाटे.

मला दोन्ही वास सारखेच. घाईत असलो की मी डावा म्हणे, निवांत असलो की उजवा.

"काल तर उजवा म्हनना व्हता!" नाना पकडत. मग समजावत, "डाव्यात गारवा शे, उजव्यात मऊपणा." समोरच्या अक्का आदल्याच दिवशी त्यांना अगदी हेच सांगत होत्या. तेव्हा माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

परवा सकाळी जिन्यातच करपल्याचा वास आला. नानांचं दार उघडं होतं. गॅसवर दुधाचं पातेलं काळंठिक्कर, आणि चार पावलांवर नाना निवांत पेपर वाचत बसलेले. मी गॅस बंद केला.

"नाना, कळलं नाही?"

त्यांनी पेपरची घडी घातली. "तीन वरीस झायात. तापात गयं नाक. कोनले सांगू नको. मिलमधला लोके हसतीन."

मिल बंद पडून जमाना झाला. हसायला उरलंय कोण!

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. दिवाळीत ते धुळ्याला लेकीकडे गेले होते. नात मांडीवरून उठली आणि म्हणाली, "नाना, तुमच्या अंगाला जुन्या तेलाचा घाण वास येतो." तेव्हापासून नाना धुळ्याला गेलेले नाहीत. येत्या रविवारी तिचा वाढदिवस.

"दूधवाला, कंडक्टर, अक्का, बठ्ठा लोके तोंड देखीसन सांगतस," मनगटं पुढे करत ते म्हणाले. "तू खरं सांग."

मी पहिल्यांदाच मन लावून वास घेतला. दोन्ही सारखेच होते.

"डावा."

"आनि तेल?"

"मागमूससुद्धा नाही, नाना."

नानांनी डावं मनगट नाकाशी नेलं. डोळे मिटले, खोल श्वास घेतला आणि मिलमधल्या थाटात मान हलवली.

"बरोबर शे. हाऊच."