बरणीतलं लोहचुंबक

“लोखंड काय आणलंयस, ते आधी सांग!” रूनार आतून ओरडला.

“काही आणलेलं नाही. दार उघड.”

“मग ठिपका पळाला कसा? अख्खी भिंत ओलांडून कोपऱ्यात गेलाय! चाव्या असतील तुझ्याकडे. खिसा बघ.”

“खिशाचा एप्रन घरात काढून ठेवलाय.”

“केसांतल्या पिना?”

“त्या तू गेल्याच आठवड्यात बंद केल्यास. केस मोकळे सोडून बर्फात उभी आहे मी, हडळीसारखी. कुणी पाहिलं तर पाद्रीबुवांना घेऊन येईल. रूनार, बाहेर ये. आकाश बघ.”

झालं. ‘आकाश बघ’ हे शब्द कानावर पडले आणि रूनारच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“तूसुद्धा?” तो म्हणाला. “दुकानदार म्हणतो, पोस्टमन म्हणतो. आता घरातूनही सुरू?”

हे भांडण बटाट्याच्या तळघराच्या बंद दारातून चाललं होतं. तो आत, लाकडी खोक्यावर, दोन कोट चढवून. त्याची बायको गुन्नेवी बाहेर, गुडघाभर बर्फात. जेवणाची वेळ अजून व्हायची होती, पण अंधार दुपारीच पडून गेला होता. डिसेंबरात फिनलंडमधल्या या नार्पेस गावाला सूर्य घाईतल्या पाहुण्यासारखा येतो आणि कॉफीही न घेता निघून जातो. दार उघडायची सोय नव्हती, कारण दार उघडलं की वारा शिरणार आणि वारा शिरला की बरणीतलं चुंबक हलणार. (बायको दारात उभी असताना दार न उघडणारे पुरुष मी पुष्कळ पाहिले. वाऱ्याचं कारण देणारा हा पहिलाच.)

बरणी गुन्नेवीच्याच मुरंब्याची. तिच्यात रेशमाच्या धाग्यावर एक चुंबक टांगलेलं होतं. धागा गुन्नेवीच्या लग्नातल्या हातमोज्यातून उसवलेला, अर्थातच न विचारता. चुंबकाला नखाएवढा आरसा चिकटवलेला, आरशावर बारीक टॉर्चचा झोत, आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचा एक ठिपका. सूर्यावर वादळ झालं की त्याचा फवारा दोन-तीन दिवसांनी पृथ्वीवर येऊन आदळतो. पृथ्वीचं चुंबकत्व शहारतं, त्याबरोबर बरणीतलं चुंबक शहारतं, आणि ठिपका सरकतो. ठिपका सरकला, की समजावं आज उत्तरेच्या आकाशात उजेडाचे पडदे हलणार. विज्ञान एवढंच. बाकीचा सगळा संसार.

आणि हा खटाटोप कशासाठी, तर एका लाल रंगासाठी. रूनार लहान असताना त्याच्या वडिलांनी त्याला घसरगाडीवर बसवून गोठलेल्या खाडीवर नेलं होतं. घसरगाडी म्हणजे पोलादी पट्ट्यांवर बसवलेली खुर्ची. मागं उभं राहायचं आणि एका पायानं बर्फ रेटत जायचं. खाडीवर वर पाहिलं तर सगळं आकाश लाल. हिरवं नव्हे. हिरवं काय, सगळेच बघतात. हे लाल होतं, फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखं, मध्येच मालवणारं आणि मध्येच पेटणारं. वडील चर्चमध्येसुद्धा कुरकुरत टोपी काढायचे. तिथं त्यांनी ती आपणहून काढली आणि कान गारठले तरी परत घातली नाही.  रूनारला ती हातातली टोपी अजून दिसते.

पुढं त्याच घसरगाडीवर त्यानं गुन्नेवीला बसवून त्याच खाडीवर नेलं. वर नुसते ढग होते. तेव्हा त्यानं तिला लग्नाचं विचारलं आणि वचन दिलं, की लाल आकाश तुला दाखवीनच. ती हो म्हणाली. लग्नाला म्हणाली होती. त्यानं दोन्हीला धरलं.

“लाल काही दाखवलंस की,” ती पुढं म्हणायची. “टोमॅटो.”

कारण नार्पेसला घरं कमी आणि काचघरं जास्त. हिवाळाभर त्यांत दिवे जळतात, टोमॅटोंना वाटत राहतं की उन्हाळा आहे, आणि गावावरचं आकाश संत्र्याच्या सालीसारखं होऊन जातं. त्यात तारा शोधणं म्हणजे रश्श्यात मीठ शोधणं. शिवाय गुन्नेवीचं काचघर घराच्या बरोबर उत्तरेला. उत्तरेचा उजेड जिथं उतरायचा, नेमकं तिथंच. तिथं ते कुठल्या गाढवानं बांधलं, असं नवा माणूस विचारायचा. रूनारनंच बांधलं होतं, तरुणपणी, स्वतःच्या हातांनी. दक्षिणेला बांधलं असतं तर सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, खिडकीतला देखावा गेला असता.

सूर्य अकरा-एक वर्षांनी उसळतो. मागच्या उसळीत लाल आकाश खरोखरच आलं होतं, अगदी अंगणावर. तेव्हा ही दोघं स्पेनमध्ये. गुन्नेवीला चर्चच्या सोडतीत सहल लागली होती, जन्मात एकदाच. समुद्रकाठी कोळंबी सोलता सोलता रूनारनं मित्रानं पाठवलेले फोटो पाहिले आणि ताट बाजूला सारलं. गुन्नेवीनं स्वतःचं संपवून त्याचंही संपवलं, पण परतीच्या विमानात खिडकीची जागा त्याला दिली. खिडकीतून ढग दिसले.

आता सूर्य पुन्हा उसळला होता. पुढच्या खेपेला आपण असू का, असलो तर मान वर होईल का, हा विचार रूनार सौनात बसून करी, आणि बराच वेळ बाहेर येत नसे.

यंदा त्याची सगळी भिस्त अस्ट्रिडवर होती. अस्ट्रिड म्हणजे सूर्यावरचा एक डाग. शरद ऋतूत दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर सूर्य पाडून त्यानं तो हेरला होता. डाग मोठा होता, काळा होता, आणि सूर्याबरोबर फिरत फिरत महिन्याकाठी पुन्हा समोर यायचा. म्हणून रूनारनं त्याला सासूचं नाव दिलं. सासू जाऊन बरीच वर्षं झाली होती. गुन्नेवीला हे कळलं तेव्हा ती आधी रागावली. मग महिना भरत आला, की स्वतःच विचारू लागली, “आई दिसली का रे?”

तीन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारी ठिपका प्रथम पळाला. थोडाथोडका नव्हे, भिंत सोडून बटाट्यांवर जाऊन बसला. रूनार तळघरातून निघाला तो कोटाची बटणंही न लावता. उत्तरप्रकाश मंडळाला त्यानं फोन केले. (मंडळ म्हणजे तो स्वतः, बसचा निवृत्त ड्रायव्हर हेलमेर आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी एथेल. एथेल कॉफीसाठी यायची.) मग त्यानं एकेका काचघरवाल्याला विनवलं, की आजच्या आज घटकाभर दिवे घालवा. नार्पेसची माणसं गरजेपेक्षा जास्त बोलत नाहीत, पण आयुष्यभर ज्यानं कुणाकडे काही मागितलं नाही त्याला नाही म्हणणंही त्यांना जमलं नाही. एकेक करून दिवे गेले. माणसं सौनातून लालबुंद होऊन, झग्यांवर कोट घालून शेतात जमली. थर्मास आले, वेलदोड्याचे पाव आले.

फक्त गुन्नेवीनं दिवे घालवले नाहीत.

“एकदाच,” रूनार म्हणाला.

“फुलं धरतायत. त्यांची झोपायची वेळ ठरलेली असते, त्याआधी झोपवलं तर गळतात. आईला पुरलं त्या दिवशीही माझे दिवे चालू होते, रूनार. तुला ठाऊक आहे.”

त्याला ठाऊक होतं. गुन्नेवी सगळ्या गोष्टींची चेष्टा करायची. पाद्रीबुवांची, रूनारच्या गुडघ्यांची, स्वतःच्या आईची. दिव्यांची कधी केली नाही. त्या दिव्यांवर घर उभं राहिलं होतं. रूनारची दुर्बीणसुद्धा त्यांच्याच खाली पिकली होती.

माणसं मान वर करून उभी राहिली. तारे दिसले, कित्येकांना तर प्रथमच. बाकी काही नाही. हेलमेर फोन बघत म्हणाला, “यात तर सगळं शांत दाखवतायत.”

“फोनला काय कळतंय!” रूनार म्हणाला. “माझं चुंबक पृथ्वीशी थेट बोलतं.”

मग सगळ्यांचं लक्ष उत्तरेकडे गेलं. तिथं गुन्नेवीचं काचघर एकटंच धगधगत होतं. आणि पावाचा तुकडा हातात धरून, सगळ्या गावासमोर रूनार बोलून गेला, “या बाईनं माझं आकाश खाल्लं.”

गुन्नेवी काही बोलली नाही. घरात गेली, बटाटे उकडले आणि खारवलेल्या मासळीबरोबर वाढले. बटाट्यांवरूनच पुढचं उघडकीला आलं. रूनारनं विचारलं, हे कधी आणलेस? ती म्हणाली, दुपारी. बर्फ पडत होता म्हणून घसरगाडी भिजायला नको, तशीच तळघरात दाराआड टेकवून ठेवलीय.

रूनारनं काटा खाली ठेवला. पृथ्वीशी थेट बोलणारं त्याचं चुंबक त्या दुपारी त्याच्या वडिलांच्या घसरगाडीशी गप्पा मारत होतं.

गाव हसलं. दोन-तीन शब्दांतच हसलं. तिथली रीतच ती. दुकानात, पोस्टात, कुठेही रूनार दिसला, की कुणीतरी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचं, “रूनार, आकाश बघ.” तोही वर बघायचा. सवयच लागली होती मानेला.

चूक कबूल करायला जे लागतं ते रूनारकडे नव्हतं, म्हणून त्यानं नियम केले. तळघराच्या आसपास लोखंड आणायचं नाही. चाव्या नाहीत, सुऱ्या नाहीत, पिना नाहीत. फोनमध्येही चुंबक असतं, तेव्हा तो स्वयंपाकघरात ब्रेडच्या डब्यावर. विजेच्या प्रवाहानंही चुंबक ढळतं, पण गुन्नेवीच्या दिव्यांना नियम लावायची हिंमत त्याला झाली नाही. गुन्नेवीच्या बुटांचे बर्फात रुतणारे खिळेसुद्धा काढायला लावले. दुसऱ्या दिवशी ती बटाट्यांची टोपली घेऊन तळघराच्या उतारावरून बसल्या बसल्या घसरत खाली आली, बटाटे तिच्या पुढं. तेव्हाही ती काही बोलली नाही. गुन्नेवी दोनदा गप्प बसली, तेव्हाच रूनारनं घाबरायला हवं होतं.

आणि आज ठिपका पुन्हा पळाला होता.

“आईच असेल,” गुन्नेवी दाराबाहेरून म्हणाली. “महिना भरलाच होता. अस्ट्रिड आलीय रूनार, लाल होऊन आलीय.”

“मेलेल्या सासूवरून माझी चेष्टा करतेस? बर्फ ओढायचं फावडं आहे तुझ्या हातात. खरं सांग.”

“फावडं असतं तर एव्हाना दार फोडलं असतं.”

“हेलमेरनं शिकवलं ना तुला हे?”

“हेलमेरचा फोन मघापासून बोंबलतोय ब्रेडच्या डब्यावर. उचलला तर नुसता रडतोय. इतकी वर्षं बस हाकलेला माणूस, रडतोय! मला वाटलं एथेल गेली.”

“नाटकं करतो तो.”

रूनारनं भिंतीकडे पाहिलं. ठिपका कोपऱ्यात थरथरत होता. घसरगाडी टेकवली तेव्हा तो नुसता एका जागी जाऊन बसला होता. आज थांबत नव्हता, येत होता, जात होता. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा. रूनारला हा फरक दिसत होता. दिसत होता म्हणूनच तो उठत नव्हता. बाहेर जावं आणि वर तीच संत्र्याची साल असावी, आणि दारात गुन्नेवी हसत असावी, तर पुन्हा या खोक्यावर येऊन बसणं त्याला जमणार नव्हतं. इथं निदान ठिपका होता. ठिपक्याकडे बघत माणूस वाट पाहू शकतो. वडिलांची टोपी आठवू शकतो. (वाट पाहण्याची सवय झाली, की यायचं ते येण्याचीच भीती वाटते. हे मला कुणी शिकवलेलं नाही.)

“रूनार.” आता तिचा आवाज खाली आला होता. “वचन तू दिलं होतंस. मी एकटीनं बघू का?”

रूनारचा हात दाराच्या दिशेनं गेला. पण तोंडातून निघालं ते भलतंच. “तुझ्या त्या दिव्यांत काय कप्पाळ दिसणार? पांढऱ्या चादरीवर दूध सांडल्यासारखं! बघ की, बघ तुझ्या टोमॅटोंच्या उजेडात!”

 मग बर्फ चुरचुरला, पावलं लांब गेली. एकदा धप्प आवाज आला, एक शिवी ऐकू आली. (खिळे काढायला लावणारा आत होता, शिवी योग्य जागी पोचली.) मग काहीच नाही.

गेली जेवायला, रूनारनं मनात म्हटलं. बरं झालं. बरं काही वाटलं नाही.

तेवढ्यात कानांना काहीतरी कमी पडलं. काय, ते त्याला कळेना. चाळीस वर्षं अंगणात, घरात, झोपेतसुद्धा जी एक बारीक घूं चालू असायची, जी त्याला कधी ऐकूही येत नसे, ती थांबली होती. त्याच क्षणी ठिपक्यानं एक उडी मारली, भिंतीवर सटकन बाजूला झाला आणि नव्या जागी पुन्हा थरथरू लागला.

“पाहिलंस!” रूनार खोक्यावरून उठून दारावर ओरडला. “हलला! पुन्हा हलला! आता तू काहीतरी केलंयस, गुन्नेवी! नाही म्हणू नकोस!”

पावलं परत आली, धापा टाकत. ती दाराला टेकली असावी, कारण तिचा आवाज फळीच्या अगदी फटीतून आला.

“केलंय,” ती म्हणाली. “दिवे घालवलेत, आता टोमॅटोसुद्धा वर बघतायत, रूनार, भिंतीकडे बघत बसलेला तेवढा तूच राहिलायस.”