नवव्या ओळीतला ठोका

जी भाषा बोलून आज कोणालाही पावशेर साखर मिळणार नाही, ती शुद्ध बोलता आल्याशिवाय मनुष्य सुसंस्कृत होत नाही. हा शोध आमच्या शिक्षणखात्याला १९६१ साली लागला, आणि नेमकी त्याच वर्षी मी नववीत होते. (खातं माझ्यासाठीच थांबलं असावं.)

परिपत्रक असं होतं: प्रत्येक हायस्कूलमध्ये इंग्रजीच्या तासाला सहाशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी कवितेच्या चौदा ओळी, सहाशे वर्षांपूर्वीच्याच उच्चारांत, पाठ करून घ्याव्यात. वर्षाअखेर तपासनीस येऊन ऐकतील. गुण वीस, पास व्हायला सात. यात नापास ती इंग्रजीत नापास, आणि इंग्रजीत नापास ती नववीत नापास. खातं तर्कशास्त्रात पक्कं होतं.

आमचे इंग्रजीचे सर कमरेत किंचित वाकून उभे राहत, म्हणून आम्ही त्यांना आपसांत स्वल्पविराम म्हणायचो. गृहस्थ सज्जन. आजचं इंग्रजीच ते जपून बोलत, सहाशे वर्षांपूर्वीचं कुठून आणणार? खात्याने ही अडचण आधीच ओळखून दर शाळेला ग्रामोफोनची एक तबकडी पाठवली. कवितेची छापील प्रत मात्र पाठवली नाही, कारण डोळ्यांना वाचायला मिळालं की कान आळशी होतात (परिच्छेद चार).

तबकडी लागली. आठ ओळी सुरेख गेल्या. नवव्या ओळीत एक शब्द आला, पुन्हा तोच आला, पुन्हा तोच. सर मान झुकवून भक्तिभावाने ऐकत राहिले. अकराव्या वेळी त्यांनी टेबलावर मूठ आपटली. सुई पुढे सरकली, तिच्या मागोमाग कविताही.

"सर, तबकडीला चरा पडलाय," मी म्हटलं.

सर विचारायला मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खात्याला एकही प्रश्न विचारला नव्हता.

"खात्याची तबकडी चुकत नसते, ऐकणारा चुकतो," त्या म्हणाल्या. "आणि लेखी विचारलंत, तर लेखी उत्तर येईल. मग ते सांभाळायचं कोणी?"

तेव्हा असं ठरलं, की तो शब्द तीनदा म्हणायचा (अकरा वेळा वेळापत्रकात बसत नव्हतं) आणि मग बाकावर मूठ आपटायची. बेचाळीस मुली, बेचाळीस ठोके. खालच्या मजल्यावर भूगोलाच्या बाईंनी त्या वर्षी भूकंपाचा धडा फारच जिवंत शिकवला.

माझ्या शेजारी शिंप्याची धाकटी बसायची. अक्षर मोत्यासारखं, डोकं तल्लख, पण बोलताना अडखळायची. तिच्या वडिलांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "यंदा नापास झालीस तर शाळा बंद. दुकानात काजं करायला बस. काजं करायला बोलावं लागत नाही."

"मेले गं मी," ती मला म्हणायची. "तुम्हाला एकच शब्द ती-ती-तीनदा म्हणायचाय. माझे सगळेच होतील."

"मग तुझा ठोका तरी हुकायचा नाही," मी म्हटलं. मी तेव्हा फार हुशार होते. हा आजार पुढे बरा झाला.

माझी मावशी ग्रंथपाल होती. तिच्याकडे मी ती कविता छापील पाहिली. शब्द एकदाच होता. मी ठरवलं, जगाने काहीही करो, आपण बरोबर म्हणायचं.

तपासनीस आले ते सतरा शाळा ऐकून. सगळ्या तबकड्या एकाच साच्यातून निघाल्या होत्या, त्यामुळे चराही सर्वांना सारखाच मिळाला होता. (समान संधीचं धोरण खात्याने इतकं चोख दुसऱ्या कशात राबवल्याचं मला आठवत नाही.) मी चौदा ओळी खाडखाड म्हटल्या.

"ठोका कुठे गेला?"

"साहेब, पुस्तकात ठोका नाही."

"बाळ, ठोका छापता येत नाही," ते समजुतीने म्हणाले आणि त्यांनी मला सहा गुण दिले.

मग शिंप्याची धाकटी उभी राहिली. चेहरा पांढराफटक. तीन ओळी कशाबशा गेल्या. चौथीत शब्द अडकला. एकदा, दोनदा, तीनदा. मला तिच्या मांडीवर काजं करायचे सदरे दिसायला लागले. तिने डोळे मिटले आणि जिवाच्या आकांताने बाकावर मूठ आपटली. शब्द सुटला! नवव्या ओळीत ठोका होताच. बाराव्या ओळीत ती पुन्हा अडली, पुन्हा आपटली, आणि शेवटापर्यंत गेली.

तपासनिसांच्या हातून पेन्सिल पडली.

"सतरा शाळा ऐकल्या, सगळीकडे एकच ठोका. इथे तीन! ही तबकडीच्याही आधीची परंपरा दिसते. कोणी शिकवलं, मुली?"

"स-स-सरांनी."

सर त्या दिवशी प्रथमच ताठ उभे राहिलेले आम्ही पाहिले. वीसपैकी वीस.

पुढच्या वर्षीच्या परिपत्रकात तीन ठोके सक्तीचे झाले. पहिल्या तीन वर्षांचा अहवाल मी पुढे वाचला: बाकं मोडली दोनशे चौदा, मनगटं नऊ, निकाल अठ्ठ्याण्णव टक्के. उरलेल्या दोन टक्क्यांनी पुस्तक वाचलं असावं.

मोठ्या बाई निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाला भाषण झालं नाही. खात्याकडून मजकूर यायचा होता. सर बढती मिळून गावोगाव ठोका शिकवत फिरले. तपासनिसांनी तीन ठोक्यांवर प्रबंध लिहिला आणि ते डॉक्टर झाले. शिंप्याची धाकटी वकील झाली. तिचा पहिला काळा कोट वडिलांनी शिवला, काजंही स्वतःच केली. तिचं अडखळणं गेलं नाही, पण ती टेबलावर मूठ आपटते तेव्हा समोरचा वकील अडखळतो. मी सुट्टीत फेरपरीक्षेला बसले, तिन्ही ठोके मारले, सोळा गुण मिळवले, इंग्रजीची शिक्षिका झाले आणि एकतीस वर्षं हेच इमानाने शिकवलं.

ती कविता होती कशाबद्दल, हे आम्हा बेचाळीस जणींपैकी एकीनेही कधी विचारलं नाही. तुम्हीही इथवर आलात, ठोके नीट मोजलेत, आणि विचारलं नाहीत.

बसा. पास आहात.