किटलीची टोपी

वहिनींच्या लोकरीच्या दुकानात चहा गरम ठेवणारी किटलीची विणलेली कव्हरं पडून राहू लागली, तेव्हा सगळा दोष सरकारचा आहे असं त्यांच्या यजमानांनी जाहीर केलं.

"घरगुती वस्तूंवरचा कर वाढलाय. देतं गिऱ्हाईक, भरतो आपण. आपण नुसते हमाल!"

"आणि गिऱ्हाईकच फिरकलं नाही, तर हमालांनी खायचं काय?" वहिनींनी विचारलं.

यजमानांनी नियमांचं पुस्तक उघडलं. करमाफीच्या यादीत 'टोप्या' हा शब्द दिसताच त्यांनी चष्मा काढला. कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत वाचायची त्यांना सवयच नव्हती. संध्याकाळपर्यंत कव्हरांवर 'टोपी' अशा चिठ्ठ्या लागल्या, किंमत उतरली आणि आठवड्यात चाळीस नग खपले.

आठव्या दिवशी कर निरीक्षक दारात उभे.

"बाई, टोपीला ही दोन भोकं कशाला?"

एक तोटीचं होतं, एक मुठीचं. वहिनींची जीभ मात्र शाबूत होती. "कानांसाठी."

"एक मोठं, एक लहान?"

"सगळ्यांचे कान कुठे सारखे असतात, साहेब?"

"सरकारला टोपी घालताय?"

"छे हो, यांना घालते!" म्हणत वहिनींनी ती यजमानांच्या डोक्यावर ओढली. मोठ्या भोकातून एक कान ऐटीत बाहेर आला. दुसरा लहान भोकात अडकून लालबुंद झाला. वर लोकरीचा गोंडा डुलत होता.

तेवढ्यात समोरच्या घरातल्या काकू तणतणत आल्या. "वहिनी, तुमचं हे कव्हर माझ्या किटलीला—"

"बसेल कसं, काकू? टोपी आहे ती!" वहिनींनी वाक्य पुरं होऊच दिलं नाही. कव्हर काकूंच्या डोक्यावर चढवून त्यांना आरशासमोर उभं केलं.

काकूंनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. राग कुठल्या कुठे पळाला. "अगं बाई! दहा वर्षांनी लहान दिसते की मी. आणि कानांना काय ऊब! अजून दोन द्या."

निरीक्षकांनी मान डोलावली. "पटलं. टोपीच आहे," म्हणत त्यांनी तसं वहीत लिहिलं. वहिनींनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"फक्त एवढंच, की करमाफी लहान मुलांच्या टोप्यांना आहे," निरीक्षक म्हणाले. "या तर मोठ्यांनाही बसतात. मोठ्यांच्या टोपीवर कर किटलीच्या कव्हराच्या दुप्पट. चाळीस नगांचा भरून टाका."

वहिनींनी यजमानांकडे असं पाहिलं की त्यांचा दुसरा कानही लाल झाला. मग त्या निरीक्षकांपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. "साहेब, खरं सांगते, ते किटलीचं कव्हरच आहे हो! काकू, सांगा ना यांना!"

काकूंनी गोंडा सारखा केला आणि कमरेवर हात ठेवला.

"कव्हर? मग मी काय किटली आहे?"