आठ्यांचं घराणं

सिस्टरांनी पुन्हा एकदा बाळाच्या चेहऱ्यावर वाकून पाहिलं, तसा बाप हातातली पिशवी खाली ठेवून पुढे आला. आज बाळ-बाळंतीण घरी जायची होती, सामानसुद्धा बांधून झालं होतं.

“दुखतंय याला,” सिस्टर म्हणाल्या. “भुवया जवळ आल्यात, डोळे घट्ट मिटलेत, नाकापासून ओठांपर्यंत घडी पडलीय. तान्ह्याला सांगता येत नाही, आपणच चेहरा वाचायचा.”

“पण ते रडत तर नाहीये!”

“सगळीच रडत नाहीत. काही बिचारी सोसतात.”

झालं! ‘सोसतात’ म्हटल्यावर बापाचा जीव अर्धा झाला. डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पोट चाचपलं, कान पाहिले, पायाच्या बोटाला दोरा गुंडाळून रुतला तर नाही ना, तेही बघितलं. लंगोट बदलून झाला. बाळ दूध प्यायलं, ढेकर देऊन झोपीही गेलं. आठ्या मात्र तसूभर हलेनात.

“रक्त तपासू या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आज घरी नाही सोडत.”

“एवढ्याशा हाताला सुई?” बाप कळवळला. “माझं काढा ना, हवं तेवढं काढा!”

“तुमचं काढून याचं काय कळणार?”

“अहो, मी काय म्हणते...” खाटेवरून बाळाच्या आईने तोंड उघडलं, पण बाळंतिणीचं ऐकायला सवड कोणाला होती!

तेवढ्यात दारात बाळाचे आजोबा, बापाचे वडील, उभे राहिले. त्यांचा आठ्यांनी भरलेला चेहरा बघून सिस्टर हातातलं टाकून धावल्या. “आजोबा, आधी बसा! छातीत दुखतंय का?”

“मला?” आजोबा चकित झाले. “अहो, नातू झालाय मला! आज माझे पाय जमिनीवर नाहीत!” आणि त्यांनी भुवया आणखी जवळ आणल्या.

“मघापासून तेच सांगतेय,” आई म्हणाली. “यांच्याकडचा हा खुशीचा चेहरा आहे. लग्नाच्या दिवशी ह्यांच्याकडे बघून मी रडले होते. वाटलं, माझ्याशी बळजबरीनेच लग्न लावताहेत यांचं.”

डॉक्टरीणबाईंनी आजोबांकडे पाहिलं, मग बाळाकडे पाहिलं, आणि हसू दाबत म्हणाल्या, “रक्त राहू द्या. लस तेवढी टोचा आणि जाऊ दे घरी.”

सुई मांडीला लागली मात्र, बाळाने असा टाहो फोडला की आजोबा दाराबाहेर पळाले. “हे बघा, याला म्हणतात दुखणं!” सिस्टर समाधानाने म्हणाल्या. आईने छातीशी धरल्यावर बाळ निवलं. बाप मात्र जागचा हलला नव्हता.

“मिस्टर मोठे धीराचे हो तुमचे!” सिस्टर आईला म्हणाल्या. “कपाळावर साधी आठी नाही.”

“आठी नाही?” आई किंचाळली. “अहो, धरा त्यांना!”

पण तोवर बाप फरशीवर आडवा झाला होता. सिस्टरांनी तोंडावर पाणी मारलं आणि गुडघे टेकून त्याचा चेहरा वाचत बसल्या. हळूहळू भुवया जवळ आल्या, नाकाशी घडी पडली, कपाळभर आठ्या पसरल्या.

“घाबरू नका,” सिस्टर आईला म्हणाल्या, “आता बरं वाटतंय त्यांना.”