नवरदेवाचं सिंहासन कीर्तनात

टेम्पोचा फाळका उघडला आणि मंडपवाला दशरथशेठ दोन पावलं मागं सरला. पूनम सागर सोसायटीच्या आवारात बुवा उपरणं सावरत कीर्तनाला उभे, आणि टेम्पोत माइक-भोंग्यांऐवजी नवरा-नवरीची लाल मखमली सिंहासनं! म्हणजे माइक गेले सिल्व्हर पार्कला, साखरपुड्यात.

"त्या वेड्याला कामावर ठेवलंत ना? घ्या आता!" सोसायटीच्या उत्सव समितीच्या शेवंतीबाई कडाडल्या.

वेडा म्हणजे बबन. मनाच्या आजारानं दोन वर्षं घरी बसलेला. त्याची बहीण गिरिजा त्याला पेणकरपाड्यातल्या या मंडपवाल्याकडे महिन्याच्या बोलीवर घेऊन आली होती. "काम एकेक सांगा, ओरडू नका. गोळ्यांनी हात सावकाश चालतो, पण चालतो." आज महिना भरत होता, ठेवायचं की नाही, ते आज ठरणार होतं.

बबन प्रत्येक ऑर्डर चिठ्ठीवर लिहून घ्यायचा. "चिठ्ठ्या काय करतोयस? धंदा डोक्यात ठेवायचा!" असं म्हणत सकाळी शेठनंच भराभर माल चढवला होता.

आता त्याच डोक्यात नगारे वाजू लागले. शेठ उतरवलेल्या सिंहासनावरच कोसळला. बबन दुसऱ्यावर बसला.

"अक्षता कधी टाकायच्या?" बुवांनी विचारलं.

"शेठ, पाणी प्या. श्वास हळू सोडा," बबन म्हणाला. "आता एकच सांगा. माइक कुठंय?"

"सिल्व्हर पार्क! अरे पण तिकडं नवरी ताटकळली असेल, इकडं बुवा, त्यात त्या बाई..."

"मी एकच विचारलं, शेठ."

शेठचा श्वास जागेवर आला. गर्दीत टेम्पो अडकेल म्हणून बबननं दोन रिक्षा थांबवल्या, एकेकीत एकेक सिंहासन दोरीनं बांधलं आणि निघाला. बुवांनी मोकळ्या आवाजात अभंग धरला. पूर्वरंग संपायच्या आत माइक-भोंगे घेऊन रिक्षा परतल्या, भोंगे बोलू लागले, आणि "विठ्ठल विठ्ठल"चा गजर पार रस्त्यापलीकडच्या गच्चीपर्यंत गेला. बबन खाली बसून वायर गुंडाळत होता. शेठ बुवांकडं नाही, त्याच्याकडंच बघत राहिला. हात जोडावेसे वाटत होते.

"शेवंतीबाई, माल मी भरला होता. चूक माझी," तो म्हणाला. मग बबनजवळ येऊन, "आजपासून तू पक्का. उद्या आठला ये."

"उद्या नाय जमणार. डॉक्टरची तारीख आहे."

शेठ घुटमळला. आवाज खाली आणून म्हणाला, "ते डॉक्टर... नवीन माणसाला बघतात का रे?"

"बघतात की. सकाळी लवकर निघू," बबन म्हणाला. "पण तिथं ओरडायचं नाय हं, शेठ."